छागळीपासून सायकलच्या बाटलीपर्यंत



गेल्या एप्रिलमधली गोष्ट. आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी सकाळची शाळा सुटल्यावर सायकलवरून घरी निघाली. वाटेत तिला चक्कर आली म्हणून बाभळीखाली बसून राहिली. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी घरी आणलं. दप्तरात बघतो तर पाण्याची बाटली भरलेलीच! विचारलं तर म्हणाली, "पाणी चहासारखं तापलं होतं, पिववेना."

महिन्याच्या बैठकीत विषय निघाला, मुलींसाठी पाणी थंड ठेवणाऱ्या बाटल्या घ्यायच्या का? मी म्हटलं, घेऊ, पण आधी आपली माणसं उन्हात पाणी कसं नेत होती ते आठवू.

माझे आजोबा ट्रक चालवायचे. ट्रकच्या पुढे जाड कापडाची छागळ टांगलेली असायची. आपल्यातल्या थोरल्या बायकांनी ती पाहिली असेल. 'छाग' म्हणजे बोकड. पूर्वी ही पिशवी बोकडाच्या कातड्याची असायची, म्हणून हे नाव. त्याहून मोठी ती पखाल. पखाली ती बैलावर किंवा रेड्यावर लादून घरोघर पाणी घालायचे. पुढे कातड्याच्या जागी कॅनव्हासची छागळ आली. नवी छागळ आधी गळते. मग सूत भिजून फुगतं, गळणं थांबतं, पण कापड ओलसर राहतं. या ओलाव्यातच तिचं सगळं काम आहे.

आपलं मडकंही तेच करतं. बाहेर पाझरलेल्या पाण्याची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून जाते. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला साधारण ५८० कॅलरी उष्णता लागते. म्हणजे हिशोबाने तीन-चार चमचे पाणी उडालं, तर एक लिटर पाणी दहा अंशांनी उतरू शकतं. उन्हाची उष्णता आत येतच असते, त्यामुळे प्रत्यक्षात जास्त पाणी उडावं लागतं. वारा लागला की वाफ लवकर होते. म्हणून तर आजोबा छागळ ट्रकच्या पुढे टांगायचे.

आता दुसरा रस्ता बघा. १८९२ साली लंडनमध्ये जेम्स ड्यूअर नावाच्या शास्त्रज्ञाने एकात एक अशी दोन भिंतींची काचेची बाटली केली आणि दोन भिंतींमधली हवा काढून टाकली. हवाच नाही, तर उष्णता जाणार कशातून? त्यांना त्यात अतिशय थंड, द्रवरूप केलेले वायू ठेवायचे होते. जेवणाच्या डब्याबरोबर न्यायचा चहा त्यांच्या मनातही नव्हता. त्यांनी पेटंट घेतलं नाही. जर्मनीतले काच कारागीर राइनहोल्ड बर्गर यांनी तीच युक्ती घरगुती वापराला आणली आणि १९०४ मध्ये 'थर्मॉस' हे नाव बाजारात आलं. ड्यूअर कोर्टात गेले, पण हरले. काच फुटायची, म्हणून १९१३ मध्ये अमेरिकेत विल्यम स्टॅन्ली यांनी पूर्ण स्टीलची बाटली केली. आज दुकानात मिळणारी दुहेरी स्टीलची बाटली म्हणजे तिचीच नात.

सायकलवाल्यांची गोष्ट थोडी वेगळी. फ्रान्समधल्या मोठ्या सायकल शर्यतीत सुरुवातीच्या काळात धातूच्या, बूच लावलेल्या बाटल्या असायच्या. पुढे प्लास्टिकची, चालवता चालवता दाबून प्यायची बाटली आली. तिलाच आत दुसरा थर देऊन उन्हाळ्यासाठीची बाटली झाली. ती हलकी असते, पण स्टीलच्या थर्मॉसइतका वेळ पाणी थंड ठेवत नाही.

या इतिहासातून आपल्या कामाचं काय? थर्मॉस पाणी थंड करत नाही, आहे तसं ठेवतो. सकाळी नळाचं कोमट पाणी भरलं तर दुपारी कोमटच मिळणार. म्हणून त्यात मडक्यातलंच पाणी भरायचं. छागळ आणि मडकं मात्र स्वतः पाणी थंड करतात, पण त्यांना कोरडी हवा लागते. कोकणासारख्या दमट हवेत त्यांचा गुण कमी येतो.

आम्ही बैठकीतच करून बघितलं. सारख्या दोन साध्या बाटल्या घेतल्या. एकीला जुना सुती पायमोजा ओला करून चढवला आणि दोन्ही वाऱ्यावर, सावलीत टांगल्या. तासाभराने सगळ्यांनी हात लावला. मोजावाली चांगलीच गार लागली. सायकलवर तर चालतानाचा वारा फुकटच मिळतो. फक्त बाटलीचं तोंड मोकळं ठेवायचं आणि मोजा वाळला की पुन्हा भिजवायचा. दुहेरी बाटलीला मात्र मोजा घालून उपयोग नाही, भिंतीमुळे गारवा आत पोचतच नाही.

शेवटी ठरलं असं. जवळच्या मुलींना ओला मोजा पुरे. ज्या दिवसभर बाहेर असतात, त्यांच्यासाठी गटातून स्टीलच्या बाटल्या घ्यायच्या आणि आयांनी हप्त्याने पैसे फेडायचे.

विषय इथेच संपला असता. पण त्या मुलीची आई हळूच म्हणाली, "ताई, पाणी गार असलं तरी ती शाळेत पीत नाही. तिथल्या संडासात पाणी नसतं." बैठक गप्प झाली. कारण शाळेत असताना आपणही तेच करत होतो.

म्हणून या महिन्यात आम्ही सातजणी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला जाणार आहोत. तुमच्या गावातही आज संध्याकाळी मुलीचं दप्तर उघडून बघा. बाटली भरलेलीच परत आली असेल, तर तिला रागावू नका. का प्यायली नाहीस, एवढंच विचारा.