झोळीची दोरी

कपाशी फुटली की जामनेरकडची गावं दिवसभर ओस पडत, असं आजी सांगायची. दव असतानाच बाया पोटाशी ओटी बांधून वेचणीला लागत. बांधावरच्या निंबाला लुगड्याची झोळी, झोळीत बाळ आणि दोरी ओढायला सात-आठ वर्षांची पोर. ती पोर म्हणजे आजीच. “धाकल्याले कोन पाहीन? मंग शाया सुटली,” एवढ्यात तिच्या शिक्षणाची हकिगत संपे. पुढच्या पिढीत आत्याचंही तेच झालं.

तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पाड्यांवरही हेच चालू होतं. ताराबाई मोडकांनी अनुताई वाघांना सोबत घेऊन १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं आणि तिथे विकासवाडी आकाराला आली. पाळणाघर, बालवाडी, प्राथमिक शाळा, सगळं एकत्र. धाकट्याला कडेवर घेऊन आलेली बहीण त्याला पाळणाघरात ठेवून स्वतः वर्गात बसू शकली.

२ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना देशभरात ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी सरकारी झाली. पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी अशा सहा सेवांमध्ये शाळापूर्व शिक्षण ही एक. कुपोषणाशी लढणं गरजेचंच होतं. पण वजन, नोंदी, सर्वेक्षण या सगळ्यात सेविकेच्या वाट्याला शिकवण्याचा वेळ थोडाच उरला. २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहाव्या वर्षापासून हक्क देतो. २०२० च्या शिक्षण धोरणाने मात्र पायाभूत शिक्षणाची सुरुवात तिसऱ्या वर्षापासून धरली.

आमच्याकडच्या एका अंगणवाडीत ताई मुलांपुढे चिंचोके ओतते. मुलं पाच-पाचांच्या ढिगल्या करतात, एखादा कमी पडला की शेजारच्याच्या ढिगलीतून उचलतात, त्यावरून भांडतात आणि पुन्हा मोजतात. गणिताची सुरुवात याहून चांगली कुठली? पण खिचडी खाऊन मुलं दुपारी घरी जातात, आणि किलोच्या हिशोबाने वेचणारी आई दिवस मावळेपर्यंत रानातच असते. मधले तास अजूनही मोठ्या बहिणीच्याच अंगावर पडतात.

२०२२ पासून केंद्राच्या पाळणा योजनेत अंगणवाडीला पाळणाघराची जोड देता येते. ती कापूसपट्ट्यात आधी यावी. वेचणीच्या हंगामात अंगणवाडी संध्याकाळपर्यंत उघडी राहावी, सांभाळायला आणि शिकवायला वेगवेगळ्या ताया असाव्यात, आणि त्यांना मानधनाऐवजी शिक्षकासारखा पगार मिळावा. तीन वर्षांच्या मुलाचं शिक्षण आखताना त्याच्या आठ वर्षांच्या बहिणीचाही विचार करावा लागतो. कोसबाडने तो करून दाखवला. सरकारने आता त्यासाठी पैसा घालावा.