दुरंगी फुलांचे छोटे निवडुंग

रत्नागिरीत वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. अशा गावी निवडुंगाची हौस बाळगणे हा वेडेपणा वाटेल. परंतु येथे निवडुंग दगावतो तो मुख्यतः मुळाशी साचलेल्या पाण्याने. तेवढे टाळले, तर लहानशा गॅलरीतही उन्हाळ्यात दुरंगी फुले पाहावयास मिळतात.

दोन रंगांचे रहस्य

कुंपणाला लावतात तो त्रिधारी निवडुंग खरा कॅक्टस नव्हे. तो चिकाच्या झाडांच्या कुळातील आहे. खऱ्या कॅक्टसचे काटे लवदार बारीक गादीतून फुटतात. त्याच्या फुलांचे लाल-जांभळे आणि पिवळे रंग बिटालाईन या द्रव्यांमुळे येतात. बिटाचा रंगही त्यांचाच. ही द्रव्ये पाकळीच्या निरनिराळ्या भागांत कमी-अधिक साठली, की फूल दुरंगी दिसते. कुठे घसा गडद असतो, कुठे पाकळीच्या मध्यावर पट्टा उमटतो.

कोणत्या जाती निवडाव्यात?

अ‍ॅस्ट्रोफायटम अ‍ॅस्टेरियास हा बिनकाट्यांचा, चपटा निवडुंग. त्याचे फूल पिवळे आणि घसा लाल असतो. थेलोकॅक्टस बायकलरच्या नावातच दोन रंग आहेत. गडद गुलाबी पाकळ्या आणि तळाशी लाल छटा. जिम्नोकॅलिशियम क्वेलियानमच्या पांढऱ्या फुलाचा घसा तांबडा असतो. मॅमिलारिया बोकासानाच्या फिकट पाकळ्यांवर गडद रेघ असते आणि फुले माथ्याभोवती कड्यासारखी येतात. नोटोकॅक्टस ओटोनिसच्या पिवळ्या फुलात लाल कुक्षी उठून दिसते. रेब्युशिया व लोबिव्हिया मात्र अँडीज पर्वताच्या उंचीवरचे. त्यांना थंड हिवाळा लागतो. किनाऱ्यावर त्यांच्या फुलांची आशा धरू नये.

माती आणि कुंडी

तीन-चार इंचांची, तळाला मोठे छिद्र असलेली मातीची कुंडी उत्तम. जांभ्याची चाळलेली बारीक खडी व नदीची जाड वाळू मिळून तीन भाग, आणि पूर्ण कुजलेले पानखत एक भाग, असे मिश्रण करावे. थोडा कोळशाचा चुरा घालावा. समुद्राची वाळू खारट असल्याने वापरू नये. वर खडीचा थर दिल्यास खोडाचा तळ कोरडा राहतो.

वर्षभराची निगा

डिसेंबर-जानेवारीत पाणी जवळजवळ बंद ठेवावे. ही विश्रांती मिळाली नाही, तर झाड वाढते पण कळ्या धरत नाही. फेब्रुवारीच्या अखेरीस पाणी पुन्हा सुरू करावे. माती पूर्ण सुकल्यावरच पुढचे पाणी. सकाळचे चार-पाच तास ऊन हवे. एप्रिल-मे मधील दुपारच्या उन्हात मात्र जाळीची सावली धरावी.

पावसाळ्यापूर्वी कुंड्या पारदर्शक छपराखाली हलवाव्यात. पागोळ्यांचे पाणी आणि वाऱ्याने येणारी झड दोन्ही चुकवावीत, परंतु बाजू मोकळ्या ठेवाव्यात. कोंडलेल्या दमट हवेत बुरशी लवकर धरते. खोड तळाशी मऊ व तपकिरी झाले, तर कुजका भाग पूर्ण कापून टाकावा आणि उरलेले खोड आठवडाभर सुकवून कोरड्या वाळूत लावावे. पिठ्या ढेकूण दिसल्यास स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसावा. ऑक्टोबरात झाडे एकदम उन्हात न काढता हळूहळू सरावू द्यावीत.

खरेदी करताना

बाजारात मिळणारा लाल-पिवळ्या माथ्याचा निवडुंग फुललेला नसतो. तो हरितद्रव्य नसलेला जिम्नोकॅलिशियम असून दुसऱ्या निवडुंगाच्या हिरव्या खोडावर कलम केलेला असतो. काही ठिकाणी वाळलेली फुले चिकटवूनही झाडे विकली जातात. खरे फूल दिवसाच्या प्रकाशानुसार उमलते व मिटते; चिकटवलेले फूल प्रकाशानुसार तसे करत नाही. बियांपासून रोपवाटिकेत वाढवलेलीच रोपे घ्यावीत. अ‍ॅस्ट्रोफायटम अ‍ॅस्टेरियास त्याच्या मूळ प्रदेशात, टेक्सास व मेक्सिकोत, बेकायदा उपटण्यामुळे संकटात आला आहे. बियांपासूनचे रोप फुलायला काही वर्षे लागतात, पण नंतर ते दर उन्हाळ्यात फुलू शकते.