आखाजीआधीची धार : पास, भाता आणि बलुतं



आखाजी तोंडावर आली. आपल्या खानदेशात सालदाराचं वर्ष आखाजीला फिरतं, तसंच अवजारांचंही. वखर-कोळप्याच्या पासा, विळे, खुरपी, कुऱ्हाड सगळं बाहेर काढायचं, दांडा हलतो का बघायचं, पाचर ठोकायची आणि धार लावून घ्यायची.

यंदा मी जरा शहाणपणा केला. वखराची पास घरीच ग्राइंडरवर घासली. पाच मिनिटांत धार चकाचक! कडेला निळसर रंग चढला होता, पण तिकडे लक्ष दिलं नाही. दोन एकर वखरलं आणि पास परत बोथट. हरळी कापायची सोडून वरून घसरायला लागली.

शेजारच्या गावात अजून एक भाता चालतो. तिथल्या म्हाताऱ्या लोहाराकडे पास नेली. म्हटलं, "आबा, बघा बरं हिला काय झालं." त्यांनी रंग बघितला आणि अहिराणीत एवढंच बोलले, "भाऊ, येनं पानी उतरी गये."

पाणी उतरलं म्हणजे काय? पोलाद लाल करून पाण्यात बुडवलं की ते कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही होतं. म्हणून नंतर हलकी ऊब देतात. कडेला वाळल्या गवतासारखा पिवळा रंग आला की थांबायचं. तो साधारण २२०-२३० अंशाला येतो. निळा येतो ३०० च्या आसपास, तोवर धारेचा कडकपणा बराच गेलेला असतो. लोहाराकडे थर्मामीटर नाही, तो हा रंग डोळ्याने ओळखतो. माझ्या ग्राइंडरने नेमकं हेच पाणी उतरवलं.

आबांनी पास तापवून कड ठोकून पातळ केली आणि नव्याने पाणी दिलं. ते बघताना डोक्यात आलं, हे काम पूर्वी गावात कोण, कशाच्या बदल्यात करायचं?

त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या 'गाव-गाडा' या पुस्तकात बलुत्याची रीत सविस्तर आहे. सुतार आणि लोहार हे पहिल्या ओळीचे बलुतेदार, कारण त्यांच्यावाचून औत चालत नाही. धार लावण्याचा रोख हिशोब नव्हता. वर्षभर फाळ-पास बघायची आणि सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा घ्यायचा. शेतकऱ्याचं पीक बुडालं तर लोहाराचा वाटाही कमी, म्हणून अवजार वेळेवर चालतं ठेवण्यात त्याचाही फायदा होता.

जुनं सगळं सोनं होतं असं मी म्हणत नाही. बलुतं जातीला बांधलेलं होतं. काम नाकारायची मुभा नव्हती आणि दुष्काळात बलुतेदाराला शेवटचा घास मिळायचा. ज्या गावात लोहार नव्हता तिथे घिसाडी कुटुंबं बिऱ्हाड घेऊन यायची. पुरुष सांडशीत लोखंड धरायचा आणि बाई घण मारायची. असं बिऱ्हाड गावाबाहेर उतरलेलं आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल.

मग धार गावाबाहेर कशी गेली? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये बेळगावात लोखंडी नांगर बनवला. लोखंडाने जमीन विषारी होते अशी तेव्हा समजूत होती. पहिला नांगर विकायला त्यांना दोन वर्षं लागली असं सांगतात. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली आणि पुढे हे नांगर महाराष्ट्रभर पोचले. लाकडी नांगरापेक्षा ते खोल जायचे, यात वाद नाही. पण ओतीव लोखंड भात्यात तापवून ठोकता येत नाही, ते फुटतं. झिजलेला ओतीव भाग बदलावाच लागतो.

इंग्लंडात ही वाट शंभर वर्षं आधी सुरू झाली होती. इप्सविचच्या रॉबर्ट रॅन्सम यांनी १८०३ मध्ये ओतीव फाळाचं पेटंट घेतलं. ओतताना फाळाची खालची बाजू झटकन थंड करून कडक करायची, वरची मऊ ठेवायची. वरची बाजू आधी झिजते आणि फाळ चालता चालता आपोआप धारदार राहतो. हुशारी मोठी, पण त्यात गावच्या लोहाराला काम उरलं नाही. आता दापोली कृषी विद्यापीठाचा दातेरी वैभव विळा घ्या. कापणी हलकी होते, सारखी धार लावावी लागत नाही. पण दाते झिजले की विळा बदलायचा.

नवी अवजारं वाईट नाहीत. पण निंदणीची खुरपी, कोळप्याची पास, केळीची पानं काढायचा विळा अजून धारेवरच चालतात. बोथट खुरप्याचा भार निंदणाऱ्या बायांच्या मनगटावर पडतो आणि मजुरीतून आपल्या खिशावर. ती धार राखणं मात्र आज कोणाच्याच जबाबदारीत नाही. आबांचा मुलगा गेट-ग्रिलचं वेल्डिंग करतो. तिथे रोख पैसा मिळतो, त्याचं काय चुकलं?

म्हणून आमच्या शिवारातल्या नऊ घरांनी ठरवलंय, आखाजीला आबांना वर्षाचे पैसे आगाऊ द्यायचे. जात नाही, सक्ती नाही, साधा करार. बदल्यात वर्षभर धार, आणि आमच्या दोन पोरांना रंग ओळखायला शिकवायचं.

तोवर घरी एवढं करा. ग्राइंडर टाळा. कानस किंवा दगड वापरा, कड पाण्याने गार ठेवा. जुना कोन मोडू नका. माती धुऊन, कोरडं करून तेलाचा हात फिरवा. दांडा धावड्याचा मिळाला तर उत्तम.

तुमच्या गावात भाता अजून पेटतो का? पेटत असेल तर यंदा पास तिकडेच न्या.