मासळीची शीतसाखळी

पकडलेली मासळी बोटीपासून गिऱ्हाइकाच्या पिशवीपर्यंत सलग गार ठेवण्याची व्यवस्था. मुंबईत या साखळीची मोठी ठाणी म्हणजे 1875 मध्ये सुरू झालेले ससून डॉक आणि भाऊचा धक्का. मध्य रेल्वेने सीएसएमटीपासून सुमारे 68 किलोमीटरवर बदलापूर. त्याच्या पूर्वेकडच्या कात्रपसारख्या, समुद्रापासून आतल्या वस्तीत पापलेट किंवा सुरमई कशी मिळेल, हे माशाच्या जातीइतकेच वाटेतल्या बर्फावर ठरते.

शीतगाडी मासळी गार करते, हा सार्वत्रिक गैरसमज. गाडीचे यंत्र आधीच गार झालेला माल गार राखण्यापुरते असते. हवा उष्णता हळू ओढते, शिवाय मासा सुकवते. वितळता बर्फ मात्र माशाला सर्व बाजूंनी भिडतो. 1 किलो बर्फ वितळताना सुमारे 80 किलोकॅलरी उष्णता शोषतो. 1 किलो मासळी 30 अंशांवरून शून्यावर आणायला साधारण 25 किलोकॅलरी काढाव्या लागतात. म्हणजे हिशेबाने पाव ते तृतीयांश किलो बर्फ पुरायला हवा. तरी आपल्या हवेत मासळीइतकाच बर्फ घालावा असे सांगतात, कारण उरलेला बर्फ पेटीच्या भिंतींतून शिरणाऱ्या उन्हाळ्याशी झुंजण्यात खर्च होतो.

पेटी भरण्यातही कसब आहे. तळाला बर्फाच्या चुऱ्याचा थर, वर मासळी, पुन्हा चुरा. लादीचे मोठे तुकडे टाकले की त्यांच्या कडांनी अंग चेचते आणि मध्ये पोकळ्या राहतात. वितळलेले पाणी मासा धुते, म्हणून ते वाहते हवे. भोक नसलेल्या थर्माकोलच्या पेटीत मात्र तळचा माल स्वतःच्याच रक्ताळ पाण्यात भिजत पडतो.

10 अंशांवर मासळी शून्यापेक्षा ढोबळमानाने चौपट वेगाने नासते. उष्ण समुद्रातल्या माशांवरचे जंतू थंडीला सरावलेले नसल्याने आपली मासळी बर्फात थंड समुद्रातल्या मासळीपेक्षा बहुधा जास्त टिकते; मात्र बर्फ सुटला की हा फायदा संपतो. बांगडा आणि कुपा यांच्या बाबतीत हयगय अजिबात नको. त्यांच्या मांसातल्या हिस्टिडिनपासून जंतू हिस्टामिन तयार करतात; ते शिजवूनही जात नाही आणि खाणाऱ्याला अंगावर गांधी, डोकेदुखी असा त्रास होतो.

गोठवणे ही वेगळी प्रक्रिया. मासा उणे 1 ते 2 अंशांच्या आसपास गोठू लागतो; साठवण उणे 18 किंवा त्याखाली करतात. गोठण सावकाश झाली तर मोठे स्फटिक मांस फाडतात आणि वितळताना रस गळतो. पाण्याचे प्रमाण फार असलेल्या बोंबलाचे यात सर्वाधिक नुकसान होते, त्यामुळे त्याला वाळवणेच मानवते. राज्याच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा गोठवलेला माल आणि रोहू-कटलाच बाजार चालवतात.

बर्फात काटकसर करण्याची एक घातक पळवाट म्हणजे फॉर्मेलिन. जुलै 2018 मध्ये गोव्यात त्यावरून गदारोळ झाला आणि बाहेरून येणाऱ्या मासळीवर काही काळ बंदी आली. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने भेसळ ओळखणारी चाचणीपट्टी तयार केली आहे.

घरच्या फ्रिजचा साधा कप्पा सुमारे 4 अंशांवर असतो, त्यामुळे तिथेही मासळी जाळीच्या भांड्यात बर्फावर ठेवावी आणि खालचे पाणी काढत राहावे.