पथ्य एकट्याचं की घराचं? पाकिस्तानातल्या मधुमेहाचा धडा

क्रिकेट पाहणाऱ्यांना वसीम अक्रम ठाऊक असतोच. 1997 मध्ये, कारकीर्द भरात असताना, त्याला मधुमेह असल्याचं निदान झालं. तरी तो खेळत राहिला आणि 2003 च्या विश्वचषकात एकदिवसीय सामन्यांतला 500 वा बळी त्याने घेतला. पुढे मधुमेहाबद्दल तो जाहीरपणे बोलत आला आहे. त्याचा मधुमेह टाइप 1 प्रकारचा, म्हणजे शरीरात इन्सुलिन तयार होणंच जवळपास थांबतं तो. पण त्याच्या देशातल्या बहुसंख्य रुग्णांना आहे तो टाइप 2. हा अनेक वर्षं हळूहळू, गाजावाजा न करता वाढतो. त्यात आनुवंशिकतेचा वाटा असतोच, पण रोजच्या जेवणाचा आणि बैठ्या राहणीचाही मोठा वाटा असतो.

आज शेजारच्या देशाची गोष्ट सांगतोय, कारण त्यांचं ताट आपल्या ताटाहून फार वेगळं नाही. त्यांच्याकडे नान, पराठा, बिर्याणी आणि दिवसातून अनेकदा गोड चहा. आपल्याकडे पोळी, भात, वडापाव आणि तोच चहा.

आकडे कसे वाढले?

पाकिस्तानात पहिली राष्ट्रीय मधुमेह पाहणी 1994 ते 1998 दरम्यान झाली. कराचीचे डॉ. समद शेरा यांनी प्रांताप्रांतांत ती केली. तेव्हा प्रौढांमध्ये मधुमेहाचं प्रमाण सुमारे 11 टक्के निघालं. दुसरी पाहणी 2016-17 मध्ये झाली. 20 वर्षांवरील व्यक्तींमध्ये प्रमाण आलं 26.3 टक्के. पाहणीतल्या एकूण 7.1 टक्के लोकांना आपल्याला मधुमेह आहे हे त्या दिवसापर्यंत माहीतच नव्हतं. आणखी 14.4 टक्के लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर होते.

आता थोडी सावधगिरी. दोन पाहण्यांची पद्धत आणि वयोगट अगदी सारखे नसतात. एचबीएवनसी तपासणीवर आधारलेल्या दुसऱ्या एका पाहणीत प्रमाण सुमारे 17 टक्के आलं. पण कुठलाही आकडा धरा, चिंता कमी होत नाही. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या 2021 च्या अहवालानुसार पाकिस्तानात 3 कोटी 30 लाख प्रौढांना मधुमेह होता आणि वयानुसार तुलना केली तर प्रमाणात हा देश जगात पहिला होता.

ब्रिटनमध्ये काय दिसलं?

हा आजार त्या मातीतलाच आहे का? याचं उत्तर देश सोडून गेलेल्यांकडे पाहून मिळतं. 1985 मध्ये पश्चिम लंडनमधल्या साउथॉल या पंजाबी वस्तीच्या भागातली पाहणी प्रसिद्ध झाली. तिथल्या आशियाई लोकांत मधुमेह गोऱ्या शेजाऱ्यांच्या जवळपास चौपट होता. 1991 मध्ये मॅकीग, शाह आणि मार्मट यांनी लंडनमधल्या भारतीय उपखंडातून आलेल्या लोकांचा अभ्यास मांडला. शीख असोत, हिंदू असोत की मुसलमान, सगळ्या गटांत चित्र तेच: मधुमेह जास्त आणि चरबी पोटाभोवती साठलेली. पोटातली ही चरबी इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते. वजनकाटा फार काही दाखवत नाही, पण कंबरेचा पट्टा दाखवतो. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी आपल्याकडच्या नवजात बाळांतही हेच दाखवलं: वजनाने हलकी, पण त्या मानाने चरबी जास्त.

घराला धरून केलेला प्रयोग

मग उपाय कोणावर करायचा? एडिंबरा विद्यापीठाचे प्रा. राज भोपाळ आणि सहकाऱ्यांनी स्कॉटलंडमधल्या भारतीय आणि पाकिस्तानी वंशाच्या 156 कुटुंबांतल्या 171 जणांवर एक अभ्यास केला. हे सगळे मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे. आहारतज्ज्ञ त्यांच्या घरी गेले. काही कुटुंबांकडे तीन वर्षांत 15 वेळा, काहींकडे फक्त 4 वेळा. बोलणं एकट्या व्यक्तीशी नव्हतं. घरच्यांना, विशेषतः स्वयंपाक करणाऱ्यांना, सोबत घेतलं होतं.

2014 मध्ये निष्कर्ष आले. जास्त भेटी मिळालेल्या गटाचं वजन दुसऱ्या गटाच्या तुलनेत 1.64 किलोने कमी राहिलं. मधुमेह होणाऱ्यांची संख्याही कमी दिसली, पण तो फरक योगायोगाचा नाही असं ठामपणे म्हणण्याइतका मोठा नव्हता. दीड किलो म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण दुसऱ्या गटाचं वजन त्याच काळात थोडं वाढलं होतं. वाढणारं वजन थांबून खाली येणं, तेही तीन वर्षं टिकणं, हे सोपं नाही.

कराचीतही डॉ. तझीन जाफर यांनी रक्तदाबासाठी असाच प्रयोग केला होता. आरोग्य कार्यकर्त्यांनी घरी जाऊन सगळ्या कुटुंबाला माहिती दिली आणि सोबत डॉक्टरांनाही प्रशिक्षण मिळालं. जिथे या दोन्ही गोष्टी झाल्या, तिथे रक्तदाब सर्वांत जास्त उतरला.

रमजान आणि इफ्तार

सगळं घर एकत्र जेवतं अशी वेळ म्हणजे इफ्तार. 2001 मध्ये पाकिस्तान आणि भारतासह 13 देशांत झालेल्या अभ्यासात टाइप 2 च्या सुमारे 79 टक्के रुग्णांनी किमान 15 रोजे धरल्याचं दिसलं. त्या महिन्यात साखर धोकादायकरीत्या उतरण्याचं प्रमाण टाइप 2 च्या रुग्णांत साडेसात पटीने वाढलं. रोजे धरायचे असतील तर दीड-दोन महिने आधी डॉक्टरांना भेटा. बोटातून रक्त काढून साखर तपासल्याने रोजा मोडत नाही. साखर 70 च्या खाली गेली किंवा 300 च्या वर गेली, तर रोजा सोडायलाच हवा. आणि दस्तरखानावर भजी, समोसे आणि सरबतांचे जग असतील, तर रुग्णाने एकट्याने किती दिवस मन मारायचं?

आपण काय करायचं?

उर्दूत पथ्याला परहेज म्हणतात, आणि परहेज इलाजापेक्षा बरा अशी म्हण तिकडे आहे. पण माझ्या दवाखान्यात दिसतं ते असं, की सासूबाईंसाठी वेगळी भाजी चार दिवस होते, पाचव्या दिवशी बंद पडते. आणि रुग्ण जर घरातली स्वयंपाक करणारी बाईच असेल, तर ती स्वतःसाठी वेगळं काही करतच नाही. म्हणून:

- वेगळा स्वयंपाक नको. सगळ्यांसाठीच तेल, साखर आणि मैदा कमी करा.
- ताटाचा अर्धा भाग भाजी-कोशिंबिरीने भरा.
- महिन्याला तेल आणि साखर किती लागते, ते लिहून ठेवा.
- कंबर मोजा. पुरुषांत 90 सेंमी आणि स्त्रियांत 80 सेंमीच्या वर गेली, तर साखर तपासा.
- 'एकाने काही होत नाही' हा आग्रह थांबवा.
- जेवणानंतर रुग्णाला एकट्याला चालायला पाठवू नका, सोबत जा.

पाकिस्तान सरकारने 2023 मध्ये साखरयुक्त शीतपेयांवरचं उत्पादन शुल्क 13 वरून 20 टक्के केलं. हे चांगलंच झालं. पण कढईत तेल किती पडावं हे कुठलंही सरकार ठरवू शकत नाही. ते आपल्या घरातच ठरतं. तेव्हा पुढच्या वेळी तपासणीला येताना घरात स्वयंपाक करणाऱ्यांनाही सोबत घेऊन या.

(ही माहिती सर्वसाधारण आहे. औषधांत कोणताही बदल आपल्या डॉक्टरांना विचारूनच करावा.)