भोगवर्धनचे दाते

भोकरदनला नोकरीवर रुजू झालो तेव्हा खोली शोधताना पहिला प्रश्न ठरलेला असे : ‘सर, तुम्ही कुठले?’ मी जिंतूर तालुक्यातले माझे गाव सांगे. समोरचा क्षणभर थांबे आणि आडनाव विचारी. त्याला गाव नकोच असे. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. परंतु त्या पदवीने या प्रश्नाचा अर्थ बदलला नाही.

परगावचा म्हणून राहत असताना मी या गावाचा इतिहास वाचू लागलो. येथे इतिहास म्हटला की राजे आणि सेनापती. जवळच असई. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. ही नावे पोरांना पाठ असतात. तोफांचे बैल कोणी हाकले, मुडदे कोणी उचलले, हे विचारण्याची रीत आपल्या इतिहासलेखनात नाही.

पण भोकरदन असईपेक्षा फार जुने आहे. त्याचे प्राचीन नाव भोगवर्धन. १९७३ साली नागपूर व मराठवाडा या दोन विद्यापीठांनी, डॉ. शां. भा. देव आणि डॉ. आर. एस. गुप्ते यांच्या देखरेखीखाली, येथील पांढरी खणली. (दुष्काळाचे ते दिवस. माझी आजी तेव्हा आमच्याकडे खडी फोडत होती.) सातवाहनकालीन नगर उजेडात आले. त्यात हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा एक तुकडा निघाला. तशाच घडणीची मूर्ती १९३८ मध्ये इटलीतील पाँपेई येथे सापडली होती, आणि पाँपेई तर इ. स. ७९ मध्येच ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. केळणेकाठच्या या गावाचा व्यापार कोणत्या जगाशी जोडलेला होता, ते यावरून ध्यानात यावे.

मला अधिक मोलाचा वाटतो तो सांचीचा पुरावा. तेथील स्तूपाच्या दगडांवर दात्यांची नावे कोरली आहेत. त्यांत भोगवर्धनचे लोक आहेत. शेकडो मैल दूर जाऊन त्यांनी दान दिले. सांचीच्या दात्यांत भिक्षू आहेत, भिक्षुणी आहेत, गृहस्थ आहेत, व्यापारी आहेत. स्त्रियांची संख्या डोळ्यांत भरण्याजोगी आहे. दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत-कारागिरांनी आपण हे कोरीवकाम केल्याचे लिहून ठेवले आहे. त्याच तोरणावर सातकर्णी राजाचेही नाव आहे, पण कसे? दाता आहे आनंद नावाचा कारागिरांचा मुखिया. तो कोणाच्या पदरी होता, एवढे सांगण्यापुरता राजा येतो!

थायलंडमध्ये धम्म राजघराण्याच्या छत्राखाली वाढला. १८९८ मध्ये पिप्रहवा येथे बुद्धाचे अवशेष निघाले, तेव्हा इंग्रज सरकारने ते सयामच्या चुलालाँगकॉर्न राजाच्या हवाली केले. वारस म्हणजे राजा, हे गृहीतच होते. आपल्याकडेही अशोकाचे नाव घेतले की बौद्ध इतिहास संपतो. सांचीच्या दगडांवर मात्र गर्दी आहे ती साध्या माणसांची. धम्म ही १९५६ साली बाहेरून आणलेली वस्तू आहे, असे आम्हाला ऐकवणाऱ्यांनी भोगवर्धनचा हा पत्ता एकदा वाचावा.

येथे आपल्याच लोकांशीही थोडे भांडावे लागते. एकदा विद्यार्थ्यांना पांढरीवर नेले. खापराचा तुकडा हातात धरून एकाने विचारले, ‘सर, हे दाते म्हणजे आपलेच पूर्वज ना?’

मी म्हणालो, ‘तसा पुरावा नाही.’

तो हिरमुसला. मलाही वाईट वाटले. पण ज्यांनी आपला इतिहास खोटा लिहिला त्यांची लेखणी आपण का उचलावी?

थोड्या वेळाने त्याने पुन्हा विचारले, ‘मग ते कोणत्या जातीचे होते?’

‘ते लिहिलेले नाही.’

‘मग काय लिहिलेय?’

‘भोगवर्धनचे.’