डोंगरांनी दिलेली साक्ष

प्रस्तुत स्मरणिकेसाठी जुनी छायाचित्रे जमविताना एक अनुभव वारंवार आला. छायाचित्र नीट जपलेले, परंतु मागच्या बाजूस ना सन, ना गाव. मग सारे जण चेहरे न्याहाळीत बसतात. आम्हा कापड व्यापाऱ्यांची दृष्टी थोडी निराळी असते. ठाण उलगडले की गिऱ्हाईक मधली नक्षी पाहते; आम्ही किनार पाहतो, कारण गिरणीचे नाव किनारीवर छापलेले असते. छायाचित्राचीही किनारच बोलते, हे ज्या प्रकरणामुळे माझ्या मनावर ठसले, ते स्पेन देशातील आहे. त्यात प्रश्न केवळ एका गावाच्या नावाचा नव्हता. जगाने सत्तर वर्षे ज्यावर विश्वास ठेवला ते दृश्य खरे की रचलेले, हा होता.

जुलै १९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले. त्याचे चित्रण करण्यासाठी रॉबर्ट कापा हा अवघ्या बावीस वर्षांचा, मूळचा हंगेरीचा छायाचित्रकार आपली सहकारी गेर्डा टारो हिच्यासह तेथे गेला. गवताळ उतारावर गोळी लागून मागे कोसळणारा, हातातून बंदूक निसटत असलेला सैनिक, हे त्याचे छायाचित्र २३ सप्टेंबर १९३६ रोजी ‘व्ह्यू’ या फ्रेंच साप्ताहिकात आणि १२ जुलै १९३७ रोजी अमेरिकेच्या ‘लाइफ’मध्ये प्रसिद्ध झाले. युद्धाची भीषणता सांगणारे त्या शतकातील हे बहुधा सर्वांत प्रसिद्ध चित्र होय. ते ५ सप्टेंबर १९३६ रोजी कोर्दोबा शहराजवळील सेर्रो मुरियानो येथे घेतले गेले, असेच पुस्तकांतून छापले जात असे.

१९७५ साली फिलिप नाइटली या पत्रकाराने युद्धवार्तांकनावरील आपल्या ग्रंथात या चित्राविषयी जाहीर शंका घेतली. शंकेला आधारही होता. ‘व्ह्यू’मध्ये एकाच पानावर कोसळणाऱ्या दोन सैनिकांची चित्रे होती. माणसे दोन, परंतु उतार तोच, जागा जवळजवळ तीच आणि आकाशातील ढगही तसेच! मग एका चित्रात दुसऱ्याचा देह का दिसत नाही?

१९९० च्या दशकात वाद मिटला असे वाटले. मारियो ब्रोतोन्स यांनी सैनिकाच्या कमरेच्या काडतुसांच्या चामडी पिशव्या ओळखल्या. तशा पिशव्या अल्कोय गावच्या स्वयंसेवकांकडे असत. स्वतः ब्रोतोन्स लहान वयात त्याच तुकडीत होते. त्यांनी निष्कर्ष काढला की, हा फेदेरिको बोरेल गार्सिया, वय २४, ५ सप्टेंबरला सेर्रो मुरियानो येथे ठार झालेला. अल्कोय हे कापड गिरण्यांचे गाव आणि बोरेल हा गिरणी कामगार. आमच्या धंद्यातील मनुष्य म्हणून की काय, हे वाचताना मला त्याच्याविषयी विशेष आपुलकी वाटली, हे प्रांजळपणे सांगतो.

मात्र या काळात कोणीही पाठीमागच्या डोंगरांकडे लक्ष दिले नव्हते. ते दिले बास्क प्रांताच्या विद्यापीठातील प्राध्यापक होसे मानुएल सुस्पेर्रेगी यांनी. प्रसिद्ध चित्रात उतार आणि आकाश यांपलीकडे फारसे काही नाही. पण त्याच वेळी, त्याच माणसांची, त्याच उतारावर घेतलेली आणखी चित्रे उपलब्ध होती व त्यांत दूरवर डोंगरांची रांग दिसत होती. माणसे मरतात, झाडे तुटतात, घरे पडतात. डोंगराची आकाशरेषा मात्र सत्तर वर्षांत बदलत नाही. सुस्पेर्रेगी यांनी ही चित्रे कोर्दोबाच्या आसपासच्या गावांतील ग्रंथपाल व इतिहास जाणणाऱ्या मंडळींकडे ई-मेलने पाठविली आणि एकच प्रश्न विचारला, ‘हा देखावा आपणांस परिचित आहे काय?’ होकार आला तो एस्पेहो या गावाहून. तेथील एका शिक्षकाने वर्गात चित्र दाखविताच एका विद्यार्थ्याने डोंगर ओळखले. मोठमोठ्या अभ्यासकांना जे साधले नाही, ते रोज त्या डोंगरांकडे पाहत वाढलेल्या मुलाला क्षणात साधले! (स्पॅनिश भाषेत एस्पेहो म्हणजे आरसा, हा योगायोग.) जागेवर जाऊन ताडून पाहिले असता आकाशरेषा जुळली. २००९ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि बार्सिलोनाच्या ‘एल पेरियोदिको’ या वृत्तपत्राने जुनी-नवी चित्रे छापून त्यास दुजोरा दिला.

एस्पेहो हे सेर्रो मुरियानोपासून सुमारे ५० कि. मी. दूर आहे. आणि सप्टेंबर १९३६ च्या आरंभी एस्पेहो येथे लढाईच नव्हती. जागा बदलली आणि तिच्याबरोबर सारा हिशेबच उलटला. लढाई नाही, तर गोळी कोणाची? न्यूयॉर्कच्या इंटरनॅशनल सेंटर ऑफ फोटोग्राफी या संस्थेतील मंडळींनी दुरून नेम धरणाऱ्या एखाद्या बंदूकधाऱ्याची शक्यता मांडली. ती अजिबात अशक्य म्हणता येणार नाही. परंतु एकाच जागी दोघे जण कसे कोसळले, याचे उत्तर त्यातून सहज मिळत नाही. मूळ निगेटिव्ह असती तर क्रम कळला असता. २००७ साली मेक्सिकोहून कापा, टारो व त्यांचे सहकारी यांच्या सुमारे ४,५०० निगेटिव्हज मिळाल्या; त्यांत ही एक नव्हती. सरावाचा प्रसंग चित्रित झाला असावा, असे माझे मत आहे. तरीही कापाला लबाड ठरविण्यास मन धजत नाही. नंतर नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर तो गोळ्यांच्या वर्षावात उतरला आणि २५ मे १९५४ रोजी व्हिएतनाममध्ये चित्रण करीत असतानाच भूसुरुंगाच्या स्फोटात मृत्यू पावला.

राहिला अल्कोयचा गिरणी कामगार. १९३७ सालच्या एका लेखात त्याच्या मृत्यूचे वर्णन आहे; त्यानुसार बोरेल झाडाच्या आड उभा राहून लढत असताना त्याला गोळी लागली. कापाच्या उतारावर मात्र एकही झाड दिसत नाही.